अर्थाचा तास

कावळा काही येईना.

तसा यायला हरकत नव्हती. नीरेकाठच्या कावळ्यांना दशक्रियेचं आवतण द्यावं लागत नाही. गुरुजींची पिशवी दिसली की ते बाभळीवर आपापल्या जागा धरतात. पण त्या सकाळी आधी महाराजांचं प्रवचन झालं. मग कारखान्याचे एक माजी संचालक, एक भावी संचालक आणि या दोघांनाही पाडायला निघालेले तिसरे गृहस्थ, अशा तिघांनी माइकवरून श्रद्धांजली वाहिली. तिघांनीही अप्पांपासून सुरुवात केली आणि तिघेही उसाच्या दरावर पोचले. तोवर कावळे नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात निघून गेले होते.

पिंडावरचा भात वाळायला लागला. अप्पांचं मन कशात अडकलंय, याचा अंदाज बांधत माणसं उन्हात उभी राहिली.

राजवर्धन पुढं झाला. हा अप्पांचा धाकटा. इंदापुरात ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान चालवतो. त्यानं हात जोडले. "अप्पा, आईला मी इंदापूरला नेतो. काळजी करू नका."

कावळा नाही.

"मी जायची न्हाय," मागून कौसल्याबाई हळूच म्हणाल्या. "म्हणूनच यीना त्यो."

"अप्पा, बांधाचं भांडण मिटवतो." बांधापलीकडचे भाऊबंद जरा सावरून उभे राहिले. कावळा नाही. "विहिरीवर सोलर बसवतो." नाही. "अप्पा, सिगारेट सोडतो." याचा कावळ्यावर परिणाम झाला नाही, राजवर्धनच्या बायकोवर झाला, कारण तिच्या माहितीप्रमाणे तो ओढतच नव्हता.

गुरुजींना दुपारी बावड्याला दुसरी दशक्रिया होती. त्यांनी मनगटाकडं पाहिलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा येत नसला की दर्भाचा शिववून मोकळं व्हायची सोय शास्त्रानं ठेवलेली आहे. पण ज्या घराला ती वापरावी लागते, त्या घराकडं गाव पुढं वर्षभर तिरक्या नजरेनं बघतं.

"माधवीला बोलू द्या की," कुणीतरी म्हणालं. "तिला ठाऊक आसंल. वाचलेली बाई हाय."

माधवी अप्पांची थोरली. बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. तिच्या वाचण्याचा गावात, म्हणजे कळंबमध्ये, असा दबदबा होता, की लग्नपत्रिका छापायच्या आधी लोक तिला फोन करून ऱ्हस्व-दीर्घ विचारत. ती पुढं आली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं तोंड उघडलं आणि आपल्याला काय विचारलंय, तेच तिला आठवेना. अप्पा गेल्यापासून हे असं चाललं होतं. शब्द कानावर पडत, ओळखीचे वाटत, आणि आत न येता उंबऱ्यावरूनच परत जात.

तेव्हा गेणबा पुढं सरकले. हे अप्पांचे चुलतभाऊ. जन्म उसात गेलेला, त्यामुळं आवाज असा की माइकवाल्यानं घाईघाईनं माइक दूर नेला. गेणबांनी आधी माधवीकडं चांगलं निरखून पाहिलं. मग नदीकडं तोंड केलं.

"अप्पा! तुमचा अर्थाचा तास बंद पडायचा न्हाय! दर ऐतवारी माधी यील!"

कावळा कुठून आला ते कुणालाच दिसलं नाही. आला, पिंडावर चोच मारली, चार शितं उडवली आणि बाभळीवर जाऊन बसला.

"सुटले!" सगळे एकदम म्हणाले आणि जेवणाकडं वळले.

अप्पा सुटले. माधवी अडकली.

अर्थाचा तास म्हणजे काय, हे माधवीला ऐकून माहीत होतं. अप्पा निवृत्त प्राथमिक शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक हलका झटका आला. बारामतीच्या डॉक्टरांनी कौसल्याबाईंना सांगितलं, "वाचले बघा." अप्पा चालत घरी आले, बोलत घरी आले, आणि महिन्याभरात त्यांनी हा वर्ग काढला. दुधाच्या डेअरीची शेड सकाळचं दूध गेल्यावर संध्याकाळपर्यंत मोकळी असते. तिथं दर रविवारी चार म्हाताऱ्या माणसांना गोळा करायचं, पेपरातलं नाहीतर पुस्तकातलं काहीतरी मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, "ह्याचा अर्थ काय?" गावात अक्षरं सगळ्यांना येतात, पण वाचलेलं कळत कुणालाच नाही, असं अप्पांचं म्हणणं होतं. हे त्यांनी माधवीला फोनवर सांगितलं तेव्हा तिला अभिमान वाटला होता.

ती त्यांना दर महिन्याला एसटीच्या पार्सलनं पुस्तकं पाठवायची. रविवारी संध्याकाळी अप्पांचा फोन यायचा आणि ते पुस्तकाबद्दल बोलायचे. दुखण्याआधी ते 'लेखकाचा दृष्टिकोन', 'भाषेचं सौष्ठव' असं काहीबाही म्हणत. दुखण्यानंतर त्यांची मतं एकदम आखूड आणि धारदार झाली. एका गाजलेल्या कादंबरीबद्दल ते म्हणाले होते, "त्या बाईला नवरा नको होता. शेजार पाहिजे होता." माधवीनं हे वाक्य ग्रंथालय दिनाच्या भाषणात वापरलं. 'माझे वडील म्हणतात' असं म्हणून वापरलं, आणि टाळ्या घेतल्या. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला दृष्टी येते, असा तिनं त्यातून अर्थ काढला.

आता त्या माणसाच्या जागेवर तिला बसायचं होतं.

कावळ्याला दिलेला शब्द मोडता येतो का, याची तिनं बारामतीत जरा चौकशी करून पाहिली. समोरच्या फ्लॅटमधल्या वृषालीनं कानाला हात लावला. तिच्या सासऱ्यांच्या वेळी असाच एक शब्द मोडला होता, तर फ्रीज जळला होता. वृषाली मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळं फ्रीजच्या गोष्टीबरोबर तिनं मार्गदर्शनही केलं. "आकलनाचे प्रश्न चढत्या क्रमानं विचारायचे. आधी 'कोण', मग 'कुठे', मग 'काय'. 'का' हा प्रश्न शेवटी. एकदम 'का' विचारलं की मुलं घाबरतात."

"मुलं नाहीत ती. सगळी सत्तरीच्या पुढची आहेत."

"मग तर 'का' विचारूच नका."

तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांचा सगळ्यालाच विरोध होता. "म्हाताऱ्या माणसांना वाचलेलं कळायला लागलं की ती सही करायच्या आधी वाचतात. घरोघरी भांडणं लावाल तुम्ही."

माधवीनं तयारीला म्हणून पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. पानाच्या तळाशी पोचल्यावर वर काय होतं ते तिला आठवेना. परत वरून सुरुवात केली. तेच पान तिसऱ्यांदा वाचताना तिला त्यातली सगळी अक्षरं दिसली, एक शुद्धलेखनाची चूकही दिसली, फक्त पान काय म्हणतंय ते कळलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नंबर आहे तोच आहे. वृषाली म्हणाली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, हा काही सांगत नाही म्हणजे शिकाऊ असणार. ज्या बाईनं उभा जन्म पुस्तकांत काढला, तिला आता औषधाच्या बाटलीवरचं 'जेवणानंतर'सुद्धा दोनदा वाचावं लागत होतं. डोळे दुखतात एवढंच तिनं सांगितलं, खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. ग्रंथपालानं असं सांगणं म्हणजे आचाऱ्यानं जीभ गेली म्हणून सांगण्यासारखं आहे.

पहिल्या रविवारी ती बारामतीहून वालचंदनगरची एसटी धरून कळंबला उतरली. शेडमध्ये आंबूस दुधाचा वास होता. भिंतीशी कॅन उपडे घातलेले, फॅट मोजायच्या यंत्रावर फडकं. कॅनवर गेणबा बसले होते. शेजारी ठमाबाई. ठमाबाईंचं वय त्यांनाही नक्की सांगता येत नसे, पण गावातल्या प्रत्येकाचं बारसं त्यांना आठवायचं. तिसरे भिकूतात्या, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आणखी दोघं-चौघं मागं बसली होती. कौसल्याबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच टेकल्या.

माधवीनं स्वतः एक उतारा रचून आणला होता. सोपा, स्वच्छ. तिनं वाचला. "सदाशिवने अंगणात आंब्याचे झाड लावले. झाडाला फळे येण्यापूर्वीच तो गाव सोडून गेला." मग चढत्या क्रमाची पहिली पायरी. "झाड कोणी लावले? एका वाक्यात उत्तर द्या."

गेणबा पुढं वाकले. प्रत्येक शब्द सुटा करून, कालव्यापलीकडच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "सदाशिव. सदाशिव, हे बाप्याचं नाव. बाईमाणूस न्हवं."

"बरोबर. काय लावले?"

"झाड," भिकूतात्या उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं फाकवली आणि अंग हलवलं. "ह्ये असं. खाली बुडखा, वर पानं. आंबा. आपण रस काढतो बघा, त्यो."

"मला आंबा माहीत आहे, तात्या."

"व्हय व्हय," तात्या प्रेमानं म्हणाले आणि त्यांनी रस काढून दाखवला.

"कळलं का?" ठमाबाईंनी माधवीला विचारलं. "का परत सांगू?"

माधवीचे कान तापले. एका वाक्याच्या उत्तराला पाव तास लागत होता, वर ही मंडळी तिलाच 'कळलं का' म्हणून विचारत होती. दोन वर्षं अप्पांनी यांच्यापुढं डोकं फोडलं आणि त्यातून हे निघालं? तिनं रागारागानं शेवटची पायरी गाठली. "सदाशिव गाव सोडून का गेला?"

"ते न्हाय लिव्हलेलं," ठमाबाई म्हणाल्या.

"लिहिलेलं नसलं तरी अंदाज करायचा असतो."

"जाणारा काय सांगून जातो व्हय, बाय?" ठमाबाई म्हणाल्या. "तू आपली च्या पी."

वृषाली म्हणाली होती ते खरं होतं. 'का' विचारायला नको होतं.

असे बरेच रविवार गेले. उतारे बदलले, उत्तरं तीच. पाणी म्हणजे आपण पितो ते. बस म्हणजे चार चाकं. हे भिकूतात्यांनी गिअर टाकून दाखवलं. मुख्यमंत्री म्हणजे सरपंचाचाही सरपंच. प्रत्येक उत्तरानंतर 'कळलं का' असायचंच. माधवी दात आवळून 'हो' म्हणायची, एसटीत बसायची आणि बारामती येईपर्यंत खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायची. पाट्याही कळत नव्हत्या.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण राजवर्धनला बहिणीचा अभिमान वाटू लागला. अभिमान वाटला की राजवर्धन फ्लेक्स करतो. "ताई, अप्पांच्या नावानं केंद्रच काढू. सरकारी मान्यता घेऊ. माझी ओळख आहे."

ओळख तालुक्याच्या एका कार्यालयात होती, आणि ती ओळख रजेवर होती. टेबलामागच्या कारकुनानं माधवीला विचारलं, "लाभार्थी निरक्षर आहेत ना?"

"नाही. वाचता येतं त्यांना. वाचलेलं कळत नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, वाचता येत नाही असा रकाना आहे. वाचता येतं असाबी आहे. वाचता येतं पण कळत नाही, असा रकाना न्हाय. तसा काढला तर आधी हे सगळं हापिस तुमच्या केंद्रात बसवावं लागंल." शेवटी त्यानं मधला मार्ग काढला. सगळ्यांना आधी निरक्षर दाखवायचं, मग पाहणी होईल, पाहणीत ती वाचून दाखवतील, म्हणजे केंद्राची प्रगतीही दिसेल. ठमाबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला मेलेली दाखव. मंग ऐतवारी उठून बसते. परगती म्हंजी केवढी!"

फ्लेक्स मात्र लगेच आला. राजवर्धननं मजकूर फोनवर सांगितला होता : 'कै. अप्पा वाबळे स्मृती वाचन आकलन केंद्र.' छापणाऱ्याला पत्ता कळला, डेअरीची शेड. त्यानं डोकं चालवलं. डेअरीत आकलन कुठलं? गडी घाईत बोलला असणार. त्यानं दुरुस्त करून छापलं : 'वाचन संकलन केंद्र.' अप्पांचा चष्म्यातला फोटो, खाली राजवर्धनचा गॉगलमधला फोटो, आणि मधे हे.

माधवीनं चूक दाखवली. राजवर्धन म्हणाला, "असू दे ताई, मोठ्या अक्षरात आहे."

गावानं मात्र पाटी नीट वाचली आणि नीट समजून घेतली. दूध संकलन केंद्रात दूध घालतात. वाचन संकलन केंद्रात वाचन घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक कॅनबरोबर रद्दी घेऊन यायला लागले. जुने पेपर आले, नातवंडांची गाईडं आली, लग्नपत्रिका, दिनदर्शिका, खताच्या पोत्यातली माहितीपत्रकं, एका घरातून बुडाकडून वाळवी लागलेली पोथी आली. "भाव काय काढलाय?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं आपलं वाचन घट्ट आहे, शेजाऱ्याच्या वाचनात पाणी आहे, असं सांगून फॅट लावायला सांगितलं. आठवड्याभरात शेडमध्ये कॅन ठेवायला जागा उरली नाही. डेअरीचे सचिव गेणबांवर ओरडले, गेणबा सचिवांवर ओरडले, आणि गेणबांचा आवाज मोठा असल्यामुळं रद्दी राहिली.

त्या ढिगात एक अंक परत परत दिसत होता. अप्पांच्या निधनाची बातमी आणि बारीकसा फोटो आलेला. फोटो होता म्हणून तो घरोघरी जपून ठेवला होता, आणि जपून ठेवला होता म्हणून आता चांगल्या स्थितीत रद्दीत आला होता. माधवीनं तो दर वेळी उलटा करून ढिगात खाली सारला.

आणि मग एका रविवारी पाहणी आली.

विस्तार अधिकारी बाई चांगल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात तक्ता, आणि यानंतर आणखी चार गावं करायची असल्याचं कपाळावर स्पष्ट. त्यांनी कॅनवर पेपर घातला, त्यावर रुमाल घातला आणि बसल्या. स्वतःच्या फायलीतला उतारा काढून वाचला. "पाणी उकळून प्यावे. उकळलेल्या पाण्यातील जंतू मरतात. सांगा आजोबा, पाणी कसे प्यावे?"

गेणबांनी खुर्चीऐवजी असलेला कॅन पुढं ओढला. बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "पाणी," ते सावकाश म्हणाले. "पाणी, म्हंजी विहिरीत आसतं ते. आपण तान लागल्यावर पितो."

"हो, पण कसे प्यावे?"

भिकूतात्यांनी चूल पेटवली. म्हणजे फुंकर घालून दाखवली, धूर डोळ्यात गेलेला दाखवला आणि दोन्ही गाल फुगवून बुडबुड आवाज काढला. "ह्ये उकाळलं. आता हात लावू नका. भाजंल."

"जंतू म्हंजी किडं," मागून कुणीतरी म्हणालं. "पर बारीक. दिसायचं न्हाईत. भ्यायचं न्हाय."

"मला समजतंय हो!" बाईंचा आवाज चढला. "मला काय समजावताय?"

ठमाबाई उठल्या. बाईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आसू द्या, बाय. घाई करू नगा. अप्पा बी पैल्यांदा असंच म्हणायचं, मला समजतंय म्हणून. वराडायचं. मंग रडायचं. मंग हळूहळू कळायचं."

कौसल्याबाईंनी चहाची किटली खाली ठेवली.

अधिकारी बाईंनी तक्त्यावर शेरा लिहिला, गाडीत बसल्या आणि गेल्या. शेऱ्यात लिहिलं होतं : 'लाभार्थ्यांस वाचलेले समजते. केंद्राचे प्रयोजन समजले नाही.'

माधवी जागची हलली नव्हती. "अप्पा काय म्हणायचे?"

सगळ्यांनी गेणबांकडं पाहिलं. गेणबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"झटक्यातनं अप्पा वाचलं, पर त्यांचं वाचन ग्येलं, पोरी. म्हंजी वाचायचं झ्याक. मास्तराचं वाचन. पर अर्थ लागायचा न्हाय. ओळ संपली की म्होरं कोरी पाटी. आधी आमाला वाटलं, आमची परीक्षा घेत्यात. 'ह्याचा अर्थ काय, गेणू?' आमी बी टेचात सांगायचो. एकदा तीच बातमी तीनदा वाचली अन् तीनदा इचारलं. तवा मी डोळं बघितलं. मास्तर परीक्षा घेतो तवाचं डोळं येगळं आसत्यात. ह्ये येगळं हुतं. वाट चुकल्यावानी."

"मग?"

"मग काय. ते इचारायचं, आमी सांगायचो. येवजून, सावकाश. येका बारीला न्हाय कळलं तर हाताबोटानं करून. ते मास्तर, आमी पोरं. असं बाहेरून दिसायचं. दिसू दिलं."

माधवीला रविवारचे फोन आठवले. "पण पुस्तकं? मी पाठवायची ती? त्यांची मतं…"

"ती कादंबरी व्हय?" ठमाबाईंचा चेहरा उजळला. "त्या बाईला नवरा नको हुता, शेजार पायजे हुता. ते मी म्हणलं हुतं."

"तुम्ही?"

"मंग? नवरा आसून शेजार नसंल तर बाईनं रुसून जावं कुठं?"

बारामतीच्या सभागृहातल्या टाळ्या माधवीच्या कानात एकदा वाजल्या आणि बंद झाल्या. ती दाराकडं वळली. "आई, तुला ठाऊक होतं?"

"व्हय," कौसल्याबाई म्हणाल्या. पदरानं त्यांनी किटलीचं झाकण पुसलं. ते स्वच्छच होतं. "मी म्हणलं, माधीला सांगू. तर म्हणलं, न्हाय. ती पुस्तकं पाठवायची थांबंल. अन् पुस्तकं आली न्हाईत, तर ऐतवारी तिच्याशी बोलायचं काय?"

मग माधवीनं विचारलं, "पण मग घाटावर माझं नाव का घेतलंत, काका? यांना सगळं कळतं. मी शिकवायचं काय?"

"शिकवायला कुणी बोलावलं?" गेणबा म्हणाले. "सगळी म्हणाली, माधे बोल. तू म्होरं आलीस अन् तुजं डोळं बघितलं. तेच डोळं. वाट चुकल्यावानी. म्हणलं, हिला बी बसवली पायजे."

"आणि कावळा?"

"त्येला भूक लागली आसंल."

भिकूतात्यांनी खाकरून घसा साफ केला. पाहणी गेली तरी रविवार शिल्लक होता. "वाच की काय तरी," ते म्हणाले. "अप्पा वरचं कुठलं बी काढायचं."

माधवी ढिगाकडं गेली. वरचा अंक तिनं उचलला आणि बाजूला ठेवला. मग हात खाली घालून, तिनंच उलटा करून सारलेल्या अंकांतला एक बाहेर काढला. आतलं पान उघडलं. फोटोत अप्पा तिच्याकडं न बघता जरा बाजूला बघत होते. तिनं वाचायला सुरुवात केली. वाचन अप्पांच्या वळणाचं, ठळक, विरामचिन्हांसकट.

"कळंब : येथील निवृत्त शिक्षक नामदेव ऊर्फ अप्पा वाबळे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, नातवंडे असा परिवार आहे."

ती थांबली. अक्षरं सगळी दिसत होती. चूक एकही नव्हती. तिनं मान वर केली.

"ह्याचा अर्थ काय?"

कुणी घाई केली नाही. गेणबा कॅन ओढून तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"निधन," ते म्हणाले. "निधन म्हंजी मानूस जातो. पर गावाला ग्येल्यावानी न्हाय. गावाला ग्येलेला मानूस येष्टीनं माघारी येतो."

"ह्यो येत न्हाय," भिकूतात्या उभे राहिले. त्यांनी हवेतलं स्टिअरिंग धरलं, थोडा वेळ सरळ चालवलं आणि मग दोन्ही हात सोडून दिले. "ही गाडी म्होरंच जाती. डेपोला परत लागत न्हाय. फाट्यावर थांबून उपेग न्हाय, पोरी. रातभर थांबलीस तरी न्हाय."

"अन् पश्चात?" माधवीनं विचारलं.

"पश्चात म्हंजी मागं," ठमाबाई म्हणाल्या. त्यांनी पेपरवर बोट ठेवलं. त्यांच्या वाकड्या बोटाखाली 'मुलगी' एवढाच शब्द आला. "ही बघ. ही तू. ते ग्येलं अन् तू मागं हायस. हाय, असं लिव्हलंय बघ. पेपरात. हुती न्हाय लिव्हलं. हाय."

कौसल्याबाई दारातून उठून आत आल्या आणि माधवीशेजारी जमिनीवर बसल्या.

"कळलं का?" ठमाबाईंनी विचारलं.

माधवीनं मान हलवली. नाही, अशी.

"परत सांगा," ती म्हणाली.

गेणबांनी टोपी सारखी केली आणि कालव्यापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून, पहिल्यापासून सुरुवात केली.